बेबी ऑक्टोपसचं पाकीट: माल चोख, लेबल फसवं

गोठवलेल्या ‘बेबी ऑक्टोपस’चं 500 ग्रॅमचं पाकीट, आत 9 नग. माल उत्तम आहे: भुजा अखंड, साल सुटलेली नाही, उग्र वास नाही. खटकतं ते लेबल.

मुळात ही पिल्लं नाहीतच. ऑक्टोपसच्या सुमारे 300 जाती आहेत. ‘ऑक्टोपस वुल्फी’ अडीच सेंटिमीटरच्याही आतला, वजन एक ग्रॅम भरत नाही. उत्तर पॅसिफिकमधला महाकाय ऑक्टोपस 15 किलोचा सहज होतो, 71 किलोच्या नगाचीही नोंद आहे. पाकिटातले नग ‘ॲम्फिऑक्टोपस’ वंशातले, आपल्या समुद्रातही मिळणारे. चणच लहान, पण वाढ पूर्ण झालेली. दोन नगांच्या डोक्यात तर भाताच्या शितांसारखी अंडी होती. याच वंशातल्या एका जातीला जपानमध्ये त्या अंड्यांवरूनच ‘इइदाको’, म्हणजे भाताचा ऑक्टोपस, म्हणतात. अंडी टाकू नका, डोक्यासकट शिजवा.

पिल्लू समजून दहा मिनिटं परतलंत की रबर होतं. तेवढ्यात स्नायू आकसतात, कोलेजन (मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन) मात्र विरघळत नाही. म्हणून एक तर कडक तापलेल्या तव्यावर दोन मिनिटं, नाहीतर झाकण ठेवून मंद आचेवर 35 ते 40 मिनिटं. मधलं काही नाही. पाणी घालू नका, अंगचंच भरपूर सुटतं. मीठ शेवटी, चव बघून.

‘साफ केलेले’ असं छापलंय, तरी तीन नगांत चोच राहिली होती. रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून बर्फ सुटू द्या. मग भुजा उलट्या करून मधोमध अंगठ्याने दाबा, चोच बाहेर येते. चोषकांत वाळू अडकते. जाड मीठ चोळून दोनदा धुवा.

बर्फ उतरल्यावर वजन 410 ग्रॅम, शिजून 210. दोघांना पुरतं, चौघांना नाही.

काही नगांच्या डोळ्यांखाली एकेक गोल ठिपका दिसतो. ती जातीची खूण, घाबरू नका. अंगभर निळी वर्तुळं असलेला नग मात्र कुठल्याही पाकिटात दिसला तर तो फेकून द्याच. त्या जातीचं विष शिजवूनही जात नाही. म्हणूनच ‘बेबी’ऐवजी लेबलावर जातीचं नाव आणि बर्फाविना वजन छापायला हवं. मालाला पाचपैकी चार, लेबलाला एक.