साइटेशनचे आकडे आठ महिने रोज वापरल्यावर : एका ग्रंथपालाचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची (शोधपत्रिकांची) यादी, बंद केल्याची सूचना काढली. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या संशोधन समितीने ठरवलं की यापुढे कोणतं जर्नल चालेल आणि कोणतं नाही, याचा पहिला शेरा ग्रंथपालाने द्यायचा. म्हणजे मी. रावेर-यावल पट्ट्यातलं अनुदानित कॉलेज. ग्रंथालयात मी, एक लिपिक आणि एक परिचर. २०१९ पासून काम सोपं होतं. यादी उघडायची, नाव आहे का बघायचं, सही करायची. आता यादीच राहिली नाही. यूजीसीने निकष सुचवले आहेत, पण निर्णय संस्थेवर सोडला आहे.

एका लेखाचा दुसऱ्या लेखात दिलेला संदर्भ म्हणजे साइटेशन. जर्नलला अशी साइटेशन किती मिळतात यावरून काढलेले इम्पॅक्ट फॅक्टर, साइटस्कोअर, एसजेआर, स्निप आणि गूगल स्कॉलरचा एच-५ हे पाचही आकडे मी तेव्हापासून जवळजवळ रोज उघडते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे ग्रंथपाल मित्र फोन करून विचारतात, "ताई, तुम्ही नेमकं काय बघता?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं.

सगळ्यात जास्त वापर एसजेआरचा, म्हणजे सिमागो या साइटचा. पैसे नाहीत, लॉगिन नाही, आख्खी यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. आमच्याकडे दुपारी नेट गेलं तरी माझ्या संगणकावर ती फाइल असते, त्यामुळे काम अडत नाही. आकड्यामागचा विचारही मला पटतो. नामांकित जर्नलने घेतलेल्या संदर्भाला वजन जास्त, कुठल्याही जर्नलने घेतलेल्याला कमी, आणि जर्नल स्वतःच स्वतःला देत असलेल्या संदर्भांना एक तृतीयांशाची मर्यादा. मात्र दोन ठिकाणी मी चुकले, तिथे तुम्ही चुकू नका. एक, एक्सेलमध्ये जो क्यू-१, क्यू-२ (विषयातल्या जर्नल्सच्या चार गटांपैकी पहिला, दुसरा) दिसतो तो त्या जर्नलचा 'सर्वोत्तम' चतुर्थक असतो. एकच जर्नल एका विषयात क्यू-१ आणि दुसऱ्यात क्यू-३ असू शकतं. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांचं जर्नल मी क्यू-१ लिहून दिलं होतं. पान उघडून पाहिलं तर तो दर्जा भलत्याच विषयात होता आणि त्यांच्या विषयात ते तिसऱ्या गटात होतं. शेरा बदलून त्यांना स्वतः जाऊन सांगावं लागलं. दुसरं, प्रत्येक जर्नलच्या पानावर 'कव्हरेज'ची वर्षं असतात. ती २०२१ ला थांबलेली असतील तर स्कोपसने (ज्या साइटेशन सूचीवर सिमागो चालते तिने) ते जर्नल घेणं थांबवलंय, असं समजायचं. जुना आलेख मात्र तिथे तसाच राहतो, आणि त्या आलेखाचं चित्र काढून जाहिरात करणारी जर्नल्स मी पाहिली आहेत.

इम्पॅक्ट फॅक्टरवर मला जरा थांबायचं आहे, कारण आमच्या शिक्षकांची बढती त्यावर टांगलेली आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधाला वाढीव गुण मिळतात ते असे : इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या परीक्षित (लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या) जर्नलला ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोनला १५, दोन ते पाचला २०, पाच ते दहाला २५ आणि दहाच्या वर ३०. नियमात शब्द आहे 'थॉमसन रॉयटर्सच्या यादीनुसार'. त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६ मध्येच विकला आणि आता तो क्लॅरिव्हेटकडे आहे. म्हणजे नियम आला तेव्हाच त्यातलं नाव दोन वर्षं जुनं झालेलं होतं. दर वर्षी एखादे सर किंवा मॅडम मला विचारतातच, "थॉमसन रॉयटर्सची यादी कुठे मिळेल?" त्यांचा काही दोष नाही.

या आकड्याचं गणित चौथीच्या पोराला येईल इतकं सोपं आहे. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर काढायचा तर २०२२ आणि २०२३ मध्ये जर्नलने छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली साइटेशन अंशात घ्यायची, आणि त्या दोन वर्षांतले शोधनिबंध व आढावा लेख किती, ते छेदात. गोम छेदात आहे. संपादकीय, पत्रं, टिपणं यांना मिळालेली साइटेशन अंशात धरतात, पण ते लेखन छेदात मोजत नाहीत. शिवाय ही सरासरी आहे, आणि सरासरी एका लेखाने कुठल्या कुठे जाते. अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या स्फटिकशास्त्राच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता, २००९ मध्ये तो ४९.९२६ झाला. कारण एकच : जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ मधला एक लेख, जो त्यांची संगणकप्रणाली वापरणारा प्रत्येक जण संदर्भात देत होता. तो लेख दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर गेल्यावर आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला. त्या मधल्या काळात तिथे दुसऱ्या कुणी छापलेला साधा लेखसुद्धा आमच्या तक्त्यात तीस गुणांचा झाला असता.

आणखी एक बारीक गोष्ट. २०२३ पासून क्लॅरिव्हेट हा आकडा तीनऐवजी एकाच दशांश स्थळापर्यंत देते. म्हणजे १.९६ असलेलं जर्नल २.० दिसतं. आमच्या तक्त्यात तिथेच पाच गुणांचा उंबरठा आहे. मी समितीला लेखी कळवलं की अशा काठावरच्या प्रकरणात आकड्यावर अडून बसू नका, लेख वाचा. समितीने ते मान्य केलं, याचा मला फार आनंद झाला.

आता आमच्याकडची गोष्ट. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम केळीवरच्या करप्यावर काम करतात. टिश्यू कल्चरचं रोप लावलं तर घड निघायला साधारण अकरा-बारा महिने लागतात. कुणीतरी लेख वाचला, त्यावरून शेतात प्रयोग लावला, दुसऱ्या बागेत पुन्हा करून पाहिला, मग लिहिला, तपासनीसांकडून फिरून छापून आला, की तीन-साडेतीन वर्षं सहज गेली. तोवर मूळ लेख इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन वर्षांच्या खिडकीतून निघून गेलेला असतो. ज्या शास्त्रात प्रयोग प्रयोगशाळेत आठ दिवसांत होतो तिथलं जर्नल या शर्यतीत पुढे जाणारच. म्हणून शेतीच्या विषयांसाठी मी आता साइटस्कोअर आधी बघते. त्यात खिडकी चार वर्षांची आहे : २०२१ ते २०२४ मध्ये छापलेल्या लेखांना त्याच चार वर्षांत मिळालेली साइटेशन, भागिले त्या लेखांची संख्या. अंशात आणि छेदात एकाच प्रकारचे लेख धरतात, हेही बरं. स्कोपसच्या साइटवर तो फुकट दिसतो. फक्त एक सांभाळा. चार वर्षांची साइटेशन असल्याने साइटस्कोअर बहुतेक वेळा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा असतो. फॉर्ममध्ये 'इम्पॅक्ट फॅक्टर'च्या रकान्यात तो भरला की गुण चुकतात. पहिल्या दोन महिन्यांत असे फॉर्म मी स्वतः परत केले आहेत.

विषयाविषयांची तुलना तर मी पूर्ण सोडून दिली. डॉक्टरांसाठीच्या सीए या कर्करोगाच्या जर्नलचा २०२३ चा इम्पॅक्ट फॅक्टर ५०३.१ होता. जगभरचे गणिती ज्याला मान देतात त्या अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्सचा एक आकडीच असतो. आमचे गणिताचे सर हा तक्ता बघून गप्प बसतात, तेव्हा मला वाईट वाटतं. स्निप हा नेदरलँड्समधल्या लायडनचा आकडा यावर उतारा म्हणून आहे. ज्या विषयात मुळात संदर्भ कमी दिले जातात, तिथल्या साइटेशनला तो जास्त किंमत देतो. गणितासाठी मी तोच शेऱ्यात लिहिते. गूगल स्कॉलरच्या एच-५ बद्दल थोडक्यात : पाच वर्षांतल्या ३० लेखांना प्रत्येकी किमान ३० साइटेशन, म्हणजे एच-५ तीस. झटपट अंदाजाला बरा, शेऱ्याला आधार म्हणून मी घेत नाही.

एक प्रसंग सांगते, त्यावरून या आकड्यांचा खरा उपयोग कळेल. जूनमध्ये एक तरुण सीएचबी (तासिका तत्त्वावरची) प्राध्यापिका घाईघाईने माझ्या टेबलाशी आली. हातात मोबाइल, त्यावर ईमेल : "आपला लेख स्वीकारला आहे, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, तीन दिवसांत शुल्क भरा." लेख पाठवून पाच दिवस झाले होते. मी आयएसएसएन टाकून क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट पाहिली, नाही. स्कोपस, नाही. सिमागो, नाही. आयएसएसएन खरा होता, पण तो फक्त नोंदणीचा क्रमांक आहे. गाडीला नंबर प्लेट असली म्हणून गाडी चांगली, असं कुणी म्हणत नाही. मग तो ७.८ आला कुठून? जर्नलच्या साइटवर एका भलत्याच संस्थेचं प्रमाणपत्र लावलं होतं, आणि अशी प्रमाणपत्रं पैसे देऊन मिळतात. तिने घड्याळी तासांच्या मानधनातून ते पैसे बाजूला काढून ठेवले होते. ते वाचले. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की हे काम यादी बघण्यापेक्षा मोलाचं आहे. आकडा खोटा आहे हे ओळखायला खरा आकडा कुठे राहतो हे माहीत असावं लागतं, एवढंच.

पण ऑगस्टमध्ये जे झालं त्याने मी अजून अस्वस्थ आहे. मराठी विभागातले एक सर, मूळचे साक्रीकडचे, अहिराणीतल्या लग्नगीतांवर त्यांचा दहा वर्षांचा अभ्यास. गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतलेली गाणी. त्यांचा लेख धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकासारख्या ठिकाणी शोभावा असा. इम्पॅक्ट फॅक्टर विचाराल तर अशा मराठी त्रैमासिकांना तो नाही. तक्त्यानुसार पाच वाढीव गुण. सर माझ्यासमोर बसून म्हणाले, "आते काय करानं, मॅडम? इंग्रजीत लिहू का?" ज्यांच्यासाठी लिहायचं ते इंग्रजी जर्नल वाचणार नाहीत, आणि इंग्रजी जर्नल वाचणाऱ्यांना 'तेलन'चं गाणं कळणार नाही. मी त्यांना म्हटलं, मराठीतच लिहा. माझ्या सांगण्याने त्यांचे गुण कमी होतील हे मला माहीत होतं.

त्या आठवड्यात मी एक जुनी हकीकत पुन्हा वाचली. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांना प्रश्न पडला की छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती जर्नल्स घ्यावीत. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमधल्या १९२६ च्या लेखांतले ३,६३३ संदर्भ हाताने मोजले आणि जास्त लागणारी जर्नल्स वर काढली. पुढे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये साइटेशन सूचीची कल्पना मांडली, आणि त्यातूनच साठच्या दशकात इम्पॅक्ट फॅक्टर आला, सूचीत कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवायला. म्हणजे मुळात हा प्रश्न ग्रंथपालाचा होता : मर्यादित पैशांत माझ्या वाचकांसाठी काय घेऊ? माणसाला गुण किती द्यायचे, हा प्रश्न त्याला नंतर चिकटवला. योगायोग असा की त्याच १९२७ च्या जानेवारीत धुळ्यात राजवाडे मंडळ उभं राहिलं.

मग मीही मोजलं. आमच्या कॉलेजातल्या पाच शिक्षकांचे पीएच.डी. प्रबंध कपाटातून काढले, मागची संदर्भसूची उघडली आणि वहीत रेघा मारत बसले. तीन दुपारी गेल्या. विज्ञानाच्या प्रबंधांत जी जर्नल्स वर आली त्यातली बरीच स्कोपसमध्ये आहेत, ते ठीकच. पण केळीच्या प्रबंधात सगळ्यात जास्त रेघा पडल्या त्या कृषी विद्यापीठांच्या अहवालांना आणि परिसंवादांच्या संग्रहांना. मराठीच्या प्रबंधात पुस्तकांना, गॅझेटियरला आणि त्रैमासिकांच्या जुन्या अंकांना. ज्याच्यावर आमच्या भागातलं संशोधन खरंच उभं आहे, त्यातलं फार थोडं या पाच आकड्यांच्या नजरेत आहे. ती वही मी समितीपुढे ठेवली. प्राचार्यांनी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "हे सगळं आपल्या ग्रंथालयात आहे का?" नव्हतं. यंदाच्या खरेदीत त्यातले मिळतील तेवढे अहवाल आणि अंक घ्यायला मंजुरी मिळाली.

तर, वापरायचं का? वापरा. फसवं जर्नल पकडायला यांच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. माझा क्रम असा : आधी मास्टर जर्नल लिस्ट आणि स्कोपस, नाव नव्हे तर आयएसएसएन टाकून, मग सिमागोवर कव्हरेजची वर्षं आणि आपल्या विषयातला चतुर्थक, मग जर्नलच्या साइटचा पत्ता तिथल्या दुव्याशी जुळतो का, कारण हुबेहूब नक्कल केलेल्या साइटही आहेत. इतकं झाल्यावरच आकडा. आणि मराठी, इतिहास, लोकसाहित्य यांच्या जर्नलसाठी मी आकड्याचा रकाना कोरा ठेवते आणि गेल्या दोन अंकांतले दोन लेख वाचून अर्धं पान शेरा लिहिते. वेळ जातो. लिपिक मदतीला आहेत म्हणून जमतं.

साक्रीच्या सरांचा लेख मराठीतच गेला. माझा अर्ध्या पानाचा शेरा त्यांच्या फाइलला जोडला आहे. तपासणी समिती तो बघेल की पाच गुण देऊन पुढे जाईल, हे डिसेंबरात कळेल. दरम्यान ती गाणी म्हणणाऱ्या एका आजींच्या नातीने आमच्या ग्रंथालयाचं कार्ड काढलंय, आणि तो अंक आला की आधी मला द्या, असं सांगून ठेवलंय.