बर्फाच्या प्रयोगांसाठी मोठ्या कप्प्यांचा सिलिकॉन ट्रे घ्यावा का?

फ्रिजसोबत मिळणाऱ्या ट्रेमधला बर्फाचा खडा मुलं नीट बघायला बसेपर्यंत अर्धा वितळून जातो. ५ सेंमी कप्प्यांच्या सिलिकॉन ट्रेमध्ये हा प्रश्न सुटतो. एका कप्प्यात १२५ मिलि पाणी मावतं, ठोकळा बराच वेळ टिकतो आणि सपाट पृष्ठभागावर प्रयोग करता येतो.

सर्वात जास्त फायदा होतो तो दोऱ्याने बर्फ उचलण्याच्या प्रयोगात. सुती दोरा भिजवून ठोकळ्यावर ठेवा, त्यावर चिमूटभर मीठ भुरभुरवा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. मिठामुळे वरचा बर्फ वितळतो, त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूनेच ओढली जाते आणि दोऱ्यातलं पाणी गोठतं. चमचाभर मीठ टाकलं तर खारट पाणी गोठतच नाही, दोरा सुटून येतो. नायलॉनचा दोरा पाणी धरत नाही, तो नकोच. आणखी एक गोष्ट हमखास निसटते: फ्रीझरमधून नुकताच काढलेला बर्फ इतका थंड असतो की ओला दोरा मिठाशिवायही चिकटतो. म्हणून ठोकळ्यावर पाण्याची चमक येईपर्यंत थांबा आणि शेजारी बिनमिठाचा दुसरा ठोकळा ठेवा. ट्रेमध्ये सहा कप्पे असल्याने ही तुलना सहज जमते.

खाण्याचा रंग घातलेलं पाणीही यात छान गोठतं. बाहेरून आत बर्फ होत जाताना रंग मधोमध ढकलला जातो. छोट्या खड्यात हे धड दिसतही नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे मोजायला मात्र हा ट्रे कुचकामी आहे. सिलिकॉनच्या भिंती ताणल्या जातात, पातळीचं माप चुकतं. त्याला सरळ उभ्या कडांचा कडक प्लास्टिकचा ग्लास बरा. काचेची बाटली कदापि नको, फुटते. तेलात बर्फ सोडून पाण्याचे थेंब खाली उतरताना पाहायचे असतील तर जुना छोटा ट्रेच वापरा.

पाणी भरलेला ट्रे उचलताना लचकतो आणि सांडतो, म्हणून आधी ताटलीत ठेवा आणि मगच भरा. सिलिकॉनमधून उष्णता हळू जाते, तेव्हा रात्रभर ठेवावा लागतो. फ्रीझरमधला वासही तो पटकन धरतो. झाकणाचा प्रकार घेतला तर पाणी काठापासून जवळपास १ सेंमी खाली ठेवा, नाहीतर झाकण वर उचललं जातं.

मीठ-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. त्यात मुलांना बोट घालू देऊ नका, लाकडी चमचा द्या.