मुखवटा, पण देवाचा नव्हे : दांडिया बाजारातला कवितावर्ग

कृष्णवर्णीय अमेरिकी कवितेतली रूपकं मराठीतून उलगडणारा सहा संध्याकाळींचा वर्ग बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका वाचनालयाच्या माडीवर भरतो. दर बैठकीला एक कविता, दीड तास. मूळ इंग्रजी दोनदा मोठ्याने वाचायची, शब्द सोडवायचे, मग प्रत्येकाने वहीत भाषांतर करायचं. शेवटी त्यातली दोन-तीन भाषांतरं फळ्यावर शेजारी शेजारी येतात आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

पॉल लॉरेन्स डनबर यांची १८९९ सालची पिंजऱ्याची कविता घ्या. मराठी कानाला पिंजरा म्हणजे देह आणि पाखरू म्हणजे आत्मा, ही कीर्तनाची सवय. त्यात 'मुक्ती' शब्द आला की कविता थेट मोक्षाला जाते. डनबर यांचे आईवडील प्रत्यक्ष गुलामीत राहिलेले. त्यांचं पाखरू गजांवर पंख आपटून रक्तबंबाळ होतं, जुने व्रण पुन्हा ठणकतात. गज आणि रक्त गाळलं तर उरतं ते भजन. वर्गात 'मुक्ती' खोडून 'सुटका' लिहायला लावतात, ते योग्यच.

त्यांच्याच मुखवट्याच्या कवितेत अडचण उलटी. आपल्याकडे मुखवटा गौरीचा, खंडोबाचा. त्याला हळद-कुंकू वाहतात. म्हणून कुणी 'सोंग' सुचवतं, पण सोंग म्हटलं की दोष ते घेणाऱ्याच्या माथी येतो. इथे तर गोऱ्यांच्या जगात निभाव लागावा म्हणून हसावं लागतंय. मुखवटाच ठेवावा, आणि त्याचं दात विचकणं भाषांतरात सोडू नये.

सगळ्यात जमलेली बैठक लँग्स्टन ह्यूज यांच्या 'हार्लेम'ची (१९५१); हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. लांबणीवर टाकलेल्या स्वप्नाचं काय होतं? उन्हात सुकलेला बेदाणा, चिघळलेली जखम, सडकं मांस, साखर धरलेली मिठाई, जड ओझं : पाच उपमा. सहावी कल्पना स्फोटाची, आणि तिथे 'सारखं' नाही. 'बॉम्बसारखा फुटतो' लिहिणाऱ्याने कविता तिथेच विझवली. बेदाण्याने शिरा आठवत असेल तर सरळ 'वाळून गेलेलं द्राक्ष' म्हणा. वाईट एवढंच की वाटलेल्या झेरॉक्समध्ये शेवटची सुटी ओळ वरच्या ओळींना चिकटवली आहे. तिच्या आधीची मोकळी जागा हा श्वास रोखण्याचा क्षण आहे. आपली प्रत घेऊन जा.

ह्यूज यांच्याच नद्यांच्या कवितेची (१९२१) बैठक मात्र ढिली. युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी हा क्रम म्हणजे वंशाच्या प्राचीनतेचा पुरावा, आणि मिसिसिपी म्हणजे माणसं दक्षिणेच्या बाजारात विकायला नेण्याची वाटसुद्धा. वर्गात 'जीवनप्रवाह' एवढ्यावर भागवलं. नदी दिसली की पाप धुवायला बसायची खोड आपलीच म्हणा.

दलित कवितेशी तुलना शेवटच्या वीस मिनिटांत उरकतात. दलित पँथर या संघटनेने १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, हे सांगून थांबतात. हातचं उदाहरण सुटतं : बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी इथे परतले, तेव्हा पारशी नाव लावून धर्मशाळेत राहावं लागलं, आणि खरी ओळख कळताच काठ्या घेऊन लोक दारात आले. चेहऱ्याचा रंग झाकता येत नाही, म्हणून डनबर भावना झाकतात. इथे नावच मुखवटा झालं. हा फरक फळ्यावर यायला हवा होता. त्यासाठी सातवी संध्याकाळ वाढवली आणि शुल्क थोडं चढवलं तरी चालेल.