नाशिकच्या गंगापूर रोडचं वीकेंड वर्कशॉप, पैसे वसूल पण दुसरा दिवस गडबडीत

मित्राच्या नादानं गेलो, विषय काय तर माणूस अर्धवट माहितीवर अंदाज कसे बांधतो ते कॉम्प्युटरवर मांडायचं. वाटलं झोप येणार, पण सरांनी पहिल्याच तासाला काह्नेमान-ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं टॅक्सीचं कोडं टाकलं, एक टॅक्सी रात्री धडक देऊन पळाली, शहरात 85 टक्के टॅक्सी हिरव्या, 15 टक्के निळ्या, साक्षीदार म्हणतो निळीच होती आणि तो 80 टक्के वेळा बरोबर असतो, मग खरंच निळी असायची शक्यता किती? सगळे ओरडलो 80. उत्तर 41! 100 पैकी 12 वेळा निळीला निळी म्हणेल आणि 17 वेळा हिरवीलाच निळी, म्हणून 29 पैकी 12. मूळ प्रमाण आपण धरतच नाही राव.

मग अंगण ओलं दिसलं तर पाऊस का सडा, सडा टाकलेला कळला की पावसाचा संशय कसा कमी होतो, ते पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करून घेतलं, हे बेस्ट होतं. आमच्या ग्रुपमधले निफाडचे द्राक्षवाले काका म्हणाले, ढग बघून फवारणी ठरवतो ते हेच की.

माणूस अगदीच ढ नाही बरं का, ग्रिफिथ्स-टेनेनबॉम या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की आयुष्य, सिनेमाचा गल्ला असल्या रोजच्या गोष्टींचे लोकांचे अंदाज बेझच्या मॉडेलच्या (म्हणजे टॅक्सीसारखंच मूळ प्रमाण आणि नवी माहिती जोडून काढलेल्या उत्तराच्या) बऱ्यापैकी जवळ जातात. पण हा भाग रविवारी वीस मिनिटांत उरकला. एसी बंद, चहा थंड, आणि नोट्स अजून आल्या नाहीत. चार स्टार.