रात्रीची चर्चा: खिडक्यांतली बघावी की टेबलाभोवतीची?

बातम्यांवरच्या चर्चेला रात्री एकच तास द्यायचा, तर कुठला कार्यक्रम लावावा? वाहिनी कुणाकडे झुकलेली आहे, कुठला अँकर सहन होतो, हे तुमचं ठरलेलं असणार. त्यात मी पडत नाही. मला फरक जाणवला तो मांडणीत. एक प्रकार खिडक्यांचा: पडद्यावर सहा-आठ चौकटी, प्रत्येकीत एक प्रवक्ता किंवा विश्लेषक. दुसरा टेबलाचा: तीन-चार माणसं एकाच स्टुडिओत, समोरासमोर. बरीच वर्षं मी खिडक्यांचा भक्त होतो.

आणि खिडक्यांची बाजू लंगडी नाही. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीचा ‘नाइटलाइन’ हा चर्चेचा कार्यक्रम उभा राहिला तोच १९७९ च्या इराणमधल्या ओलीस प्रकरणावर रोज रात्री होणाऱ्या विशेष कार्यक्रमांतून. एरवी एका खोलीत आलीच नसती अशी माणसं उपग्रहामुळे त्याचा अँकर टेड कॉपेल याच्यासमोर येऊन एकमेकांशी बोलू लागली. घटना जिथं घडली तिथला माणूस तासाभरात पडद्यावर येणं ही खिडकीचीच करामत. टेबलावर येतात ती बहुधा स्टुडिओच्या शहरातली, तीच ती माणसं. कोण काय बोलणार हे काही दिवसांनी आपल्यालाही पाठ होतं.

मग घोडं कुठं पेंड खातं? आवाजाच्या उशिरात. भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून सतत एकाच जागी दिसणारा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो. अँकरचा प्रश्न पाहुण्याकडे जाऊन उत्तर परत यायचं म्हणजे अर्धा सेकंद, वर यंत्रणेचा वेळ वेगळाच. इंटरनेटवरून जोडलं तरी उशीर टळत नाही, फक्त कमी-जास्त होतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण बोलण्यात मधे शिरायची जागा तेवढीच असते. खिडकीतल्या माणसाला कानातल्या इअरपीसमध्ये ती जागा ऐकू येते, तो तोंड उघडतो, आणि तोवर स्टुडिओतल्या कुणीतरी ती पटकावलेली असते. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, पुन्हा दोघं एकदम सुरू होतात. यात जिंकतो तो न थांबणारा.

अर्थसंकल्पावरच्या एका चर्चेत खालच्या डाव्या चौकटीत एक अर्थतज्ज्ञ होते. हातात कागद, त्यावर पेनाने खुणा केलेल्या. “गेल्या वर्षीच्या तरतुदीतले खर्च किती झाले, ते बघा...” इतकं त्यांनी तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा पुढचा आकडा दोन प्रवक्त्यांच्या कलगीतुऱ्यात बुडाला. चौथ्यांदा अँकर म्हणाले, “थोडक्यात सांगा, ब्रेकला जायचंय.” गृहस्थांनी कागद खाली ठेवला. तो आकडा मला शेवटी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मिळाला. त्यानंतर मला खिडक्यांच्या कार्यक्रमात दुसरं काही दिसेचना. सभ्य माणूस तिथं हटकून हरताना दिसतो. तुम्हाला हे कदाचित खटकणारही नाही. कामं करता करता चर्चा नुसती कानावर पडू देणाऱ्यांना तर मुळीच नाही.

टेबलापाशी समोरचा श्वास घेतो तेवढ्यात कळतं, की आता आपण बोलावं. हात किंचित वर केला तरी अँकर बघतो. अमेरिकेतल्याच पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर १९७५ मध्ये रॉबर्ट मॅकनील यांनी अर्ध्या तासात एकच विषय घ्यायची रीत पाडली. जिम लेहरर यांच्यासोबत १९८३ मध्ये त्याचा तासाभराचा ‘न्यूजअवर’ झाला. माणसं कमी, विषय कमी, वाक्यं पूर्ण. कंटाळवाणं होतं असं म्हणणारे आहेत, आणि एखाद्या रात्री होतंही.

टेबल म्हणजे शिस्त, असंही नाही. सीएनएनचा ‘क्रॉसफायर’ टेबलाभोवतीच व्हायचा, एक डाव्या विचारांचा, एक उजव्या. २००४ मध्ये विनोदवीर जॉन स्ट्युअर्ट पाहुणे म्हणून आले आणि तुम्ही देशाचं नुकसान करताय, हे सूत्रसंचालकांना त्यांनी तोंडावर सुनावलं. पुढच्या वर्षी कार्यक्रम बंद झाला. तेव्हा टेबल निवडताना माणसं भांडायला बसवली आहेत की विषय उलगडायला, एवढं एक-दोन रात्री बघून घ्या. पण भांडण झालं तरी टेबलावर ते निदान ऐकू येतं.

हाताशी वेळ असेल आणि एखादा मुद्दा शेवटपर्यंत ऐकायचा असेल, तर माझं मत टेबलाला. अचानक मोठी घटना घडली, तिथल्या माणसाचा आवाज हवा असला, की मीही खिडक्याच लावतो, पहिल्या ब्रेकपर्यंत. तिथवर माहिती असते, पुढे प्रवक्ते येतात.