पतिंतेरो की तुंबांग प्रेसो?

मधल्या सुट्टीत वर्गमित्रांबरोबर कोणता फिलिपिनो खेळ घ्यावा? पतिंतेरो म्हणजे आट्यापाट्यांचाच भाऊबंद. खडूने किंवा पाण्याने पाट्या आखा, ५-५ जणांचे दोन संघ करा. पाटीवरच्या गड्याने रेषा सोडून शिवलं तर ते बाद. पाण्याची रेषा उन्हात वाळली की भांडण ठरलेलं, म्हणून खडूच बरा.

तुंबांग प्रेसोला रिकामा डबा आणि प्रत्येकाची एक चप्पल पुरे. चपलेने डबा पाडायचा, मग चप्पल उचलून पळायचं. राज्य असलेल्याने डबा जागेवर उभा केल्याशिवाय कोणाला शिवायचं नाही. डबा वाऱ्यानेच लवंडत असेल तर आत मूठभर वाळू घाला. चपलांचे पट्टे तुटतात, तेवढं सोसायचं.

१० जण आणि मोकळं अंगण असेल तर पतिंतेरो. ४-५ जण आणि अरुंद गल्ली असेल तर तुंबांग प्रेसो.