पिक्सेल एलईडी पट्टी: गणपती ते शिमगा वापरल्यावर

मखरासाठी ऑनलाइन मागवलेली ही ५ मीटरची पिक्सेल पट्टी. मीटरला ६० पिक्सेल (प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येतो असे ठिपके), ५ व्होल्ट, सोबत कंट्रोलर, रिमोट आणि अडॅप्टर. विसर्जनानंतर ती हॉलच्या पीओपीच्या खाचेत गेली, आणि आता शिमगा आला तरी रोज संध्याकाळी लागते. पट्टी चांगलीच आहे. सोबतचा अडॅप्टर मात्र शुद्ध गंडवागंडवी.

लक्षण असं की बटण दाबलं की पट्टी क्षणभर उजळते, विझते, परत उजळते, परत विझते. विक्रेत्याने कंट्रोलरला दोष देऊन तो बदलून दिला, तरी तोच खेळ. गंमत म्हणजे लाल रंगावर बंद केलेली पट्टी दुसऱ्या दिवशी निमूट लागायची, पांढऱ्यावर बंद केली की अडून बसायची. चोर इथेच सापडला. कंट्रोलर शेवटचा रंग लक्षात ठेवतो आणि सुरू होताना थेट तोच लावतो. पांढऱ्यासाठी प्रत्येक पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा असे तिन्ही दिवे एकदम पेटतात. पूर्ण पांढरा पिक्सेल साधारण ५० ते ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ३०० पिक्सेलना १५ ते १८ अँपिअर लागणार. अडॅप्टरवर छापलंय ६! भार झेपला नाही की तो स्वतःला वाचवायला बंद होतो, मग पुन्हा उठून बघतो, पुन्हा बसतो.

मल्टीमीटर असेल तर भार जोडूनच मोजा. मोकळा अडॅप्टर ५ व्होल्ट छान दाखवतो, आणि तेवढ्यावर ‘सप्लाय ओके’ म्हणणारे इलेक्ट्रिशियन गल्लोगल्ली आहेत. पांढरा रंग लावला की आकडा धाडकन खाली येतो. खर्च करायचा नसेल तर रिमोटवरून उजेड तिसऱ्या हिश्शावर ठेवा, पट्टी एका झटक्यात लागेल. घरातल्या हॉलला तेवढा उजेड पुरतोही.

मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून ५ व्होल्ट, २० अँपिअरचा जाळीवाला एसएमपीएस, म्हणजे पत्र्याच्या पेटीतला दणकट सप्लाय, आणला. त्याची २३० व्होल्टची टर्मिनलं उघडी असतात, म्हणून हवा खेळेल अशा बंद डब्यात बसवून वायरमनकडून अर्थिंगसकट जोडून घेतला. पुठ्ठ्याच्या नाहीतर कापडी मखरात हे धूड लपवायचा विचारही करू नका.

सुरू होण्याचा प्रश्न मिटला, पण शेवटच्या मीटरभरात पांढरा रंग पिवळट, पार टोकाला तांबूस दिसू लागला. ५ व्होल्टच्या पट्टीत हे होणारच. तांब्याचा पातळ पत्रा एवढा करंट वाहताना व्होल्टेज खातो. लाल दिवा कमी व्होल्टेजवर तग धरतो, निळा-हिरवा आधी मंदावतो. त्याच एसएमपीएसमधून जाड वायरने दुसऱ्या टोकालाही प्लस-मायनस दिले आणि रंग एकसारखा झाला. पिक्सेलना रंगाचा हुकूम नेणारी डेटाची तार मात्र एकाच बाजूने, पट्टीवरच्या बाणाच्या दिशेने. उलट्या टोकाला जोडली तर पट्टी मेल्यासारखी पडून राहते आणि आपण उगाच सप्लाय तपासत बसतो.

दिवाळीनंतर वेगळंच दुखणं निघालं. अर्धी पट्टी चालू, पुढची अर्धी गप्प. डेटा एका पिक्सेलमधून दुसऱ्यात जातो, त्यामुळे एक गेला की पुढचे सगळे आंधळे. पेटणारा शेवटचा आणि न पेटणारा पहिला, दोषी या दोघांपैकीच. खुणेच्या रेषेवर कापून नवा तुकडा डाग देऊन जोडला. किटमधले क्लिपवाले जोड तेव्हाच काढून फेकले, कारण आतल्या पत्रीवर हिरवट थर चढला होता आणि बोट लावलं की दिवे लुकलुकत होते. कोकणातल्या दमट हवेत तर हे जोड वापरूच नयेत.

आज घेणार असाल तर किट नको. पट्टी वेगळी, सप्लाय वेगळा घ्या. जमलं तर १२ व्होल्टची डब्ल्यूएस २८१५ पट्टी बघा. तिच्यात डेटाची जादा तार असते, एखादा पिक्सेल गेला तरी पुढचे चालू राहतात, आणि टोकाचा तांबूसपणाही कमी. महाग पडते, पण पीओपीत कायमची बसवायची असेल तर शिडीवर चढायचे कष्ट वाचतात.

एक खोड अजून आहे. वीज जाऊन इन्व्हर्टर लागला की कधीकधी कंट्रोलर अडकतो आणि रिमोटला दाद देत नाही. बटण बंद करून थोडं थांबायचं, मग लावायचं. लगेच चालू-बंद केलं तर काही उपयोग नाही. घरच्यांना आता सवय झालीये, आणि तेवढ्यासाठी तिसरा कंट्रोलर मी आणणार नाही.